फलक क्रमांक चार: मँडरिन

५ जानेवारी, सोमवार

अभ्यासिकेच्या जिन्यातली भिंत रंगवून झाली. गेल्या पावसाळ्यातले पोपडे खरवडले, प्रायमर मारला, वर फिका पिस्ता. कार्यवाहांचं म्हणणं असं की सदाशिव पेठेत एवढी भिंत मोकळी दिसली तर आठ दिवसांत क्लासवाले पत्रकं डकवून जातील. म्हणून २७ फेब्रुवारीच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या आत तिथे काहीतरी लावायचं. काय ते मी ठरवायचं. तीस वर्षं मुद्रितं तपासली म्हणजे बाईंना सगळं येतं, असा त्यांचा एक गोड गैरसमज आहे.

विषय शोधावा लागला नाही. आमच्या अभ्यासिकेतली साठच्या साठ टेबलं साहेब व्हायला बसलेली आहेत. कुणाची राज्यसेवा, कुणाची यूपीएससी, कुणाचं "निदान तलाठी तरी". तेव्हा अधिकाऱ्यांना आपण आणि इतरांनी काय काय म्हटलं, ते शब्दच घ्यायचे. पाच फलक: कारकून, फडणीस-चिटणीस ही 'नीस' मंडळी, कलेक्टर, मँडरिन, नोकरशाही. प्रत्येक फलक दोन बाय तीन फूट, मजकूर दोनशे शब्दांच्या आत. जिन्यात उभं राहून याहून जास्त कोण वाचतं?

कार्यवाहांनी यादीतल्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे चिनी कशाला आणलंत यात?" म्हटलं, चिनी नाहीये ते. थांबा थोडं.

७ जानेवारी

पहिले तीन फलक जवळजवळ डोक्यात तयार आहेत. कारकून म्हणजे फारसीत नुसता 'काम करणारा'. आज ऐकणाऱ्याला हसू येतं तो भाग निराळा. 'नीस' हे 'नवीस'चं आखूड रूप, लिहिणारा. फर्दनवीसाचा फडणीस झाला. कलेक्टर म्हणजे वसुली करणारा. इतकं पुरे. खरा वेळ चौथ्याला जाणार हे आत्ताच दिसतंय.

इंग्रजीत मँडरिन या एका शब्दाखाली किती जण राहतात ते आधी टिपून ठेवते. चिनी बादशाहीतला, परीक्षा देऊन वर चढलेला अधिकारी हा मूळ भाडेकरू. मग त्या अधिकाऱ्यांची भाषा. मग लंडनमधल्या व्हाइटहॉलचा बडा सचिव: सरकारं येतात, जातात, हा फायलीच्या मागे तसाच. या अर्थात आदर थोडा आणि कुजकटपणा जास्त. आपल्याकडचे इंग्रजी पेपर दिल्लीच्या सचिवांनाही या नावाने चिमटे काढतात. त्याशिवाय उभ्या पट्टीची कॉलर, एक रंगीत बदक आणि एक फळ.

आता मूळ. सोळाव्या शतकाच्या शेवटी शब्द इंग्रजीत आला, तो पोर्तुगीज 'मांदारिं'वरून. पोर्तुगिजांनी तो मलायी लोकांकडून उचलला, त्यांच्याकडे 'मेंतेरी'. आणि मेंतेरी म्हणजे संस्कृत 'मन्त्रिन्'. आपला मंत्री.

हे मला पंचवीस वर्षांपूर्वी एका कोशाची मुद्रितं तपासताना कळलं होतं. तेव्हा चहा थंड झालेला आठवतो. आज पुन्हा लिहिताना तसंच झालं.

८ जानेवारी

फळाचं राहिलं. नागपुरी संत्रं शास्त्राच्या हिशेबात मँडरिनच, सिट्रस रेटिक्युलाटा. म्हणजे हिवाळी अधिवेशनात नागपूरला मंत्री, त्यांच्यामागे फायली घेऊन धावणारे मँडरिन आणि रस्त्याकडेला ढीग लावलेलं मँडरिन, तिन्ही एका धातूची पोरं. बरं, 'ऑरेंज' हा शब्दही नारंगाचाच, फारसी-अरबी वाटेने युरोपात गेलेला. मँडरिन ऑरेंज असं कुणी साहेबी थाटात म्हटलं की तो बिचारा मंत्री-नारिंग म्हणत असतो.

फलकावर हे घ्यायचा मोह होतोय. शब्दमर्यादा आठवावी.

१० जानेवारी, शनिवार

आज पहिला मसुदा फाडला. मी लिहिलं होतं, "पोर्तुगीज मांदार म्हणजे हुकूम देणे, त्यावरून मांदारिं." वाचायला इतकं सरळ वाटतं की हात आपोआप लिहून गेला. ही जुनी चूक आहे आणि शहाण्या शहाण्या कोशकारांनी केलेली आहे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तिचा समाचार घेतलाय: हुकूम देणारा असाच शब्द करायचा असता तर पोर्तुगिजांनी 'मांदादोर' केला असता, मांदारिं हे कुठलं रूप? हा तर मंत्रीच.

पण हुकूमवाला मांदार अगदीच निरपराध नाही. मेंतेरीतल्या 'त'चा 'द' झाला, त्यात त्याचा हात असणार. परका शब्द कानावर पडला की आपण त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो आणि मग शब्दही तिकडे थोडा झुकतो. १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट आपल्याकडे 'इष्टुर फाकडा' झाला. स्टुअर्ट उच्चारायला जड, इष्टुर सोपं. पोर्तुगीज खलाशांनी आपल्या मंत्र्याचं तेच केलं. जो हुकूम सोडतो तो मांदारिं, त्यांना पटलं असणार.

दुपारी शेजारच्या संस्कृतच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मन् धातू लिहा. मनन. मंत्र म्हणजे विचाराचं साधन, मसलत. मंत्री हुकूम देत नाही, कानाशी बोलतो." हे चांगलं आहे. सल्ला देणाऱ्याला पोर्तुगिजांनी हुकूम देणारा समजून घेतलं, ही या शब्दाची पहिली बढती. बढतीच म्हणावी लागेल.

त्यांनी येरवड्याचं डेक्कन कॉलेजही आठवून दिलं. तिथला संस्कृत महाकोश १९४८ साली सुरू झाला, कोटभर चिठ्ठ्या जमवल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि छापील भाग अजून 'अ'मध्येच आहेत. अमात्याला निदान आशा आहे. मंत्र्याची चिठ्ठी 'म'च्या खणात बसून राहणार, आमच्या नातवंडांपर्यंत.

१३ जानेवारी

मलाक्का. गोवा घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये पोर्तुगीज आल्बुकेर्कने मलाक्का हे मलायी सुलतानाचं बंदर घेतलं. त्या दरबारातली हुद्द्यांची नावं वाचताना आपल्याच वाड्यात आल्यासारखं होतं. सगळ्यात मोठा प्रधान 'बेंदाहारा', म्हणजे भांडारवाला. आरमाराचा प्रमुख 'लक्समाना', म्हणजे लक्ष्मण, रामायणातला. बंदराचा अधिकारी मात्र फारसी, शहाबंदर. आणि मोठे सरदार-अधिकारी ते मेंतेरी. हा शब्द पोर्तुगिजांनी तिथे शिकला आणि पुढे चीनच्या किनाऱ्यावर झुलीदार अंगरख्यातले अधिकारी दिसले तेव्हा त्यांनाही तोच चिकटवला. त्यांचा वकील तोमे पिरेस १५१७ मध्ये कॅन्टनला उतरला. पुढे तो त्याच मांदारिंच्या कैदेत पडला.

संस्कृत तिकडे पोचलं त्याला तेव्हाच आठशे वर्षं उलटून गेली होती. सुमात्रात पालेम्बांगजवळ सातव्या शतकातला श्रीविजय राज्याचा एक शिलालेख सापडला, जुन्या मलायी भाषेतला. राजाने आपल्याच अधिकाऱ्यांना शपथ घालून द्रोहाबद्दल शाप दिलेत, आणि त्यासाठी सगळ्यांची हुद्देवार यादी केली आहे: सेनापती, दंडनायक, कुमारामात्य, कायस्थ... याच राज्याचा जवळचाच दुसरा लेख शके ६०५ चा. शके! मी ते आकडे पेन्सिलीने अधोरेखित केले, मग माझंच मला हसू आलं. आपलं पंचांग तिकडे दगडात बघून ऊर भरून येतो, त्याला काही इलाज नाही.

कार्यवाहांना सांगितलं तर त्यांना लगेच मथळा सुचला: "जगाला मँडरिन आपण दिला!" नको म्हटलं. चिनी अधिकारी त्याआधी हजार वर्षं चीनमध्ये होताच, त्याचं त्यांच्याकडचं नाव 'ग्वान'. आपण त्यांना अधिकारी दिला नाही, परीक्षा दिली नाही, टोपी दिली नाही. एक पाटी दिली, तीही दोन हातांतून गेलेली, आणि लावली तिसऱ्यानेच. कार्यवाह म्हणाले, "बाई, तुम्ही फार कंजूष आहात." असू दे.

१५ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ अजून टेबलाटेबलावर फिरतोय. परभणीचा मुलगा (बारा नंबरचं टेबल, चौथा अटेंप्ट) मोबाइल घेऊन आला. "काकू, तुमचं चुकलंय. हे बघा, हा शब्द चिनीच आहे. मान् दा रन्. मांचू मोठे साहेब. व्हिडिओला लाखावर लाइक आहेत."

ही ऐकीव व्युत्पत्ती चीनमध्येही चालते म्हणे. मी त्याला बसवलं आणि त्याचीच पद्धत वापरली. मांचूंनी, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याने, बीजिंग कधी घेतलं? त्याला पाठ होतं: १६४४. पोर्तुगीज हा शब्द कधीपासून लिहितात? सोळाव्या शतकापासून. मग मांचू यायच्या आधी शंभर वर्षं मांचू साहेब कुठून आले? तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "ऑप्शन सी बाद." आणि गेला.

दहा मिनिटांनी परत. "मग चिनी माणूस स्वतःच्या भाषेला मँडरिन म्हणत नाही का?" नाही. पूर्वी 'ग्वानह्वा', अधिकाऱ्यांची बोली. आता चीनमध्ये 'फूथोंगह्वा', सर्वसामान्यांची बोली. तैवानात 'ग्वोयू', राष्ट्रभाषा. एकच भाषा, कुणाच्या मालकीची यावरून नाव. इंग्रजीने मात्र साहेबांची म्हणूनच धरून ठेवली.

मुलगा म्हणाला, "आपल्याकडे पण जीआरची मराठी वेगळीच असते." हे वाक्य मला सुचायला हवं होतं. फलकाच्या मसुद्यात घेतलं, त्याला सांगून.

१९ जानेवारी

आज फलकाचं काम शून्य, पण दिवस मजेत गेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्री कोण होऊ शकतो ते बघत होते आणि चहाच्या वेळी चार पोरं गोळा झाली.

कौटिल्य सांगतो की अमात्यांच्या गुप्त परीक्षा घ्याव्यात, त्याला तो 'उपधा' म्हणतो: धर्म, अर्थ, काम आणि भय. खोट्या आमिषाने किंवा खोट्या धमकीने फोडायचा प्रयत्न करायचा, फुटतो का बघायचं. धर्माच्या परीक्षेत टिकला तर न्यायाच्या कामावर. पैशाच्या परीक्षेत टिकला तर वसुली आणि खजिन्यावर. भयाच्या परीक्षेत टिकला तर राजाच्या जवळ. आणि चारही परीक्षांत शुद्ध ठरेल तो मंत्री.

"मेरिट आणि पोस्ट प्रेफरन्स!" सांगोल्याची मुलगी ओरडली.

"आणि सगळ्यात नापास झालेले?" तेही सांगितलंय. त्यांना खाणी, हत्तींची अरण्यं आणि कारखाने यांवर नेमावं. यावर वनसेवेची तयारी करणारा एक जण खरंच रुसला. त्याला पगार सांगून समजूत काढावी म्हटलं तर पगारात पण मंत्रीच वर: सेनापती आणि युवराजाच्या बरोबरीने वर्षाला ४८,००० 'पण' (तेव्हाचं नाणं).

मनुस्मृतीतही सात-आठ सचिव नेमावेत असं आहे, आणि त्यांचं एक विशेषण 'परीक्षितान्', पारखून घेतलेले. परभणीकराने ते वहीत लिहून घेतलं. मुख्य परीक्षेच्या निबंधात खपवणार.

२४ जानेवारी, शनिवार

तीन दिवस अडले होते ते आज सुटलं.

फलकावर नुसता प्रवास लिहिला तर तो शाळेतल्या नकाशासारखा दिसतो: संस्कृत, बाण, मलायी, बाण, पोर्तुगीज, बाण. खरी गंमत बाणांत नाही, खुर्च्यांत आहे. इंग्रजीत मिनिस्टर आणि मँडरिन हे एकमेकांचे पक्के प्रतिस्पर्धी. मिनिस्टर निवडून आलेला, पाच वर्षांचा. मँडरिन परीक्षा देऊन आलेला, कायमचा. मराठीत त्यातल्या पहिल्याला आपण म्हणतो मंत्री. म्हणजे मँडरिन या शब्दाचा जो अर्थ लंडनमध्ये 'मंत्री नव्हे तो' असा होतो, तो शब्द मुळात मंत्रीच. एकच माणूस टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलाय.

आणि मिनिस्टर? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सेवक, 'मिनुस' म्हणजे कमी, उणा, त्यावरून. हाताखालचा तो मिनिस्टर. विचार करणारा तो मंत्री. आपण एकाचं दुसऱ्यात भाषांतर करतो आणि कुणालाच काही खटकत नाही.

मुंबईतली ती इमारत १९५५ ची. नाव सचिवालय. १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते मंत्रालय झालं. भिंती त्याच, टेबलं तीच, फायली त्याच, पाटीवर सचिवाच्या जागी मंत्री. मिनिस्टर आणि मँडरिनची सगळी कुस्ती त्या एका पाटीत आहे. हा परिच्छेद फलकात राहणार, बाकी काहीही काढावं लागलं तरी.

२८ जानेवारी

शब्द मोजले. ४१२. दोनशेवर आणायचे.

काढलं: बदक, कॉलर, नारिंग (जड अंतःकरणाने), तोमे पिरेस, कौटिल्याचा पगार.

३१ जानेवारी

काढता काढता एक नवीन सापडलं आणि आत घेतलं. हे असं माझं.

इंडोनेशियात 'मेंतेरी' म्हणजे मंत्री, पण त्याचाच जुळा 'मंत्री' हा उच्चार खाली उतरला. डचांच्या काळात तो लहानसहान सरकारी नोकरांना लागला. देवीची लस टोचणारा तो 'मंत्री चाचार'. खेड्यातल्या पुरुष नर्सला, सुई देणाऱ्याला, लोक अजून मंत्री म्हणतात. माझ्या माहेरी दवाखान्यातला कंपाउंडर हाच गावाचा खरा डॉक्टर होता. जावात असता तर मंत्री झाला असता.

आणि थायलंडच्या पंतप्रधानाला म्हणतात 'नायोक रत्थमोंत्री': नायक, राष्ट्र, मंत्री. मलेशियात 'पेर्दाना मेंतेरी', प्रधान मंत्री. तेव्हा शब्द एकाच वेळी पंतप्रधान आहे, व्हाइटहॉलचा सचिव आहे आणि पावसात सायकलवरून सुई द्यायला निघालेला माणूसही आहे.

४ फेब्रुवारी

दुसरा फलक लिहिताना चौथ्याचा धागा हातात आला.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला शिवाजी महाराजांनी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. रघुनाथ पंडितांचा राज्यव्यवहारकोश त्याच खटपटीतला. मजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. आणि मंत्री कोण? वाकनीस. वाकनिसाचं काम राजाची रोजनिशी ठेवणं, भोजन-निमंत्रणं, खासगीकडची व्यवस्था. म्हणजे अष्टप्रधानांतला 'मंत्री' हा मुळात नोंदी ठेवणारा. मलाक्काच्या मेंतेरीला, कॅन्टनच्या मांदारिंना हे सांगितलं असतं तर त्यांनी मान हलवली असती. शेवटी सगळं लिहून ठेवणाऱ्याच्याच हातात राहतं.

ही वहीसुद्धा एका अर्थी वाकनिशी. खासगी, आणि निमंत्रणांचं कामही माझ्याच गळ्यात.

नोकरशाहीचा फलक आज अर्ध्या तासात उरकला. फ्रेंच 'ब्युरो' म्हणजे टेबल, त्याआधी टेबलावर अंथरायचं जाडंभरडं कापड. त्याला अठराव्या शतकात कुणीतरी उपहासाने राज्य जोडलं. आपल्याकडे नोकर आणि शाही, दोन फारसी शब्दांची मोट, उपहास तोच. टिळकांनी १९१६ च्या होमरूलच्या भाषणांत बादशहा वेगळा आणि मधले अंमलदार वेगळे, असा फरक करून नेम धरला होता, तेवढं घेतलं.

९ फेब्रुवारी

परीक्षेचा परिच्छेद. चीनमधली परीक्षा सातव्या शतकाच्या आगेमागे सुरू झाली, १९०५ मध्ये बंद केली. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांवर कोठड्या होत्या. एका कोठडीत दोन फळ्या: दिवसा एक बसायला, एक लिहायला, रात्री दोन्ही खाली एकापुढे एक टाकल्या की झोपायला. दारं बंद, तीन दिवस आत, बाहेर, पुन्हा आत. हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा अभ्यासिकेत कुणी हसलं नाही. पलीकडच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांना दोन फळ्यांचं काही नवल वाटलं नाही.

होंग श्यूच्वान चार वेळा नापास झाला आणि मग त्याने ताइपिंग बंड उभं केलं, चौदा वर्षं चीन पेटला होता. बारा नंबरकडे सगळ्यांनी वळून बघितलं. "माझा अजून निकाल लागायचाय," तो म्हणाला.

इंग्रजांनी कंपनीच्या नोकऱ्यांतली वशिलेबाजी १८५३ च्या सनदेने मोडली, १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा घेतली, आणि त्या वेळी तिकडे लोक म्हणालेच की हे चिनी खूळ आलं. म्हणजे मँडरिन हे नाव व्हाइटहॉलला नुसतं टिंगल म्हणून चिकटलं नाही, त्यात वस्तुस्थितीही होती. पहिला हिंदी उमेदवार, सत्येंद्रनाथ टागोर, १८६३ मध्ये पास झाले. नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात काढली आणि १८९७ मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. सातारची मुलगी खूश.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संकट. छपाईवाल्याकडून पाचही फलकांचं व्हिनाइल आलं. सनबोर्डवर चिकटवून, कडा कापून, अगदी तयार. वरचा मथळा, सगळ्यांवर, बोटभर उंचीच्या अक्षरांत:

अधिकार्यांचे शब्द

'अधिकाऱ्यांचे' नाही. 'अधिकार्यांचे'. युनिकोडमधून त्यांच्या जुन्या फाँटमध्ये मजकूर ओढताना चंद्रकोरीसारखा अर्धा र गेला आणि 'य'च्या डोक्यावर रफार बसला. पाच फलक, पाचही चुकलेले. आणि चौथ्यात तर 'मन्त्रिन्'चे पाय मोडून चार तुकडे शेजारी शेजारी उभे.

दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं?" मी त्याला कागदावर लिहून दाखवलं: आचार्यांना जेवायला बोलावलं; आचाऱ्यांना जेवायला बोलावलं. एक वाक्य मठातलं, दुसरं लग्नाच्या हॉलमधलं. तो हसला, पण पैसे अर्धेच सोडले. मुद्रित पाठवलं होतं का? पाठवलं होतं, मोबाइलवर, एवढंसं. मी ते संध्याकाळी स्वयंपाक करता करता पाहिलं आणि 'ओके' टाकलं. तीस वर्षं मुद्रितं तपासली म्हणून.

कार्यवाहांना अजून सांगितलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

सांगितलं. ते रागावले नाहीत; त्याने जास्त लागलं. या वेळी मजकूर चित्र करूनच दिला, फाँटचा प्रश्नच नको. छापील नमुना कागदावर घेतला, पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली, मग संस्कृतच्या बाईंनी उलटीकडून वाचली.

चुकलेले सनबोर्ड फेकवेनात. पाठीमागची पांढरी बाजू चांगली आहे. पोरं वेळापत्रक लिहायला घेऊन गेली.

२१ फेब्रुवारी

लाकडी चौकटी करायला मेस्त्री आले. भिंत ठोकून बघितली, "ताई, इकडं ओल हाये, इथं खिळा धरायचा नाही," म्हणून चौथा फलक दोन फूट वर सरकवायला लावला. मापं घेईपर्यंत त्यांनी जमिनीवर ठेवलेला मजकूर वाचला, ओठ हलवत, पूर्ण. मग विचारलं, "मंत्री तिकडनं जाऊन साहेब होऊन आला म्हणजे. अन् आमचा मेस्त्री कुठला?"

मी थबकलेच. महिनाभर पोर्तुगीज उलटसुलट करतेय आणि हा माणूस रोज माझ्या तोंडात. मेस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्र', उस्ताद, लॅटिन 'मागिस्तर'वरून. आणि मागिस्तर 'मागिस'वरून, म्हणजे जास्त. मिनिस्टर उणा, मागिस्तर अधिक, लॅटिनमध्ये हे दोघे जोडीचेच शब्द आहेत. आपला मंत्री त्यांच्या बोटीतून गेला, त्याच बोटीने त्यांचा मेस्त्री इकडे उतरला. पगारही त्याच बोटीने आला.

सांगितलं त्यांना. मिनिस्टर म्हणजे कमी आणि मेस्त्री म्हणजे जास्त, शब्दाच्या हिशेबात. ते तोंडात दोन खिळे धरून थोडा वेळ बघत राहिले. मग खिळे काढून म्हणाले, "मग बिलात धरू का?"

२३ फेब्रुवारी

सहावा फलक करायला पैसे नाहीत. चौथ्याच्या तळाशी एक ओळ वाढवली: "याच वाटेने उलट आलेला शब्द: मेस्त्री." पुन्हा छपाई नको म्हणून पट्टी वेगळी छापून चिकटवली. जवळून बघितलं तर कळतं. मला तर पायरीच्या खालूनही कळतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अकराला नारळ फोडला. कार्यवाह पाच मिनिटं म्हणाले आणि वीस बोलले. "जगाला मँडरिन आपण दिला" त्यांनी तोंडी म्हणून घेतलंच.

पोरांची गर्दी कौटिल्याचा उतारा मी काढून टाकल्याबद्दल तक्रार करत होती. सांगोल्याची मुलगी म्हणाली, काकू, उपधांचा वेगळा कागद करून नोटीस बोर्डावर लावा. वनसेवावाला म्हणाला, लावायचाच तर खाणींचं वाक्य गाळून लावा.

३ मार्च

जिन्यात येताजाता बघते: लोक पहिल्या फलकापाशी थांबतात, दुसरा-तिसरा नुसता नजरेखालून घालतात, चौथा दोन फूट वर असल्यामुळे मान वर करून वाचतात. पार्सल द्यायला आलेला एक जण हेल्मेट घालूनच पूर्ण वाचून गेला.

बारा नंबरच्या टेबलाचं लॉकर रिकामं झालं. निकाल लागला, सहायक कक्ष अधिकारी. म्हणजे नेमणूक मंत्रालयातच. किल्ली द्यायला आला तेव्हा पेढे होते हातात, सदाशिव पेठेतलेच, "परभणीला गेल्यावर तिथले वेगळे आणतो." मग जिन्यात फलकापाशी उभं राहून विचारलं, "काकू, म्हणजे मी आता नेमका कोण?" म्हटलं, वाकनीस. नोंदी नीट ठेव.

बाकी: मेस्त्रींचे ६५० द्यायचे आहेत. ओलीच्या जागेचा फोटो कार्यवाहांना पाठवला. पावसाळ्याआधी गच्चीवर वॉटरप्रूफिंग, कोटेशन मागवणे.